लेकरापेक्षा कुत्रं प्यारं? काही माणसांची माया कुत्र्यांवरच जास्त का दिसते?

पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची यात्रा भरते. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव बहुतेकांना माहीत असतं ते बोरी नदीकाठच्या किल्ल्यामुळे, किल्ल्यातल्या पाणीमहालामुळे आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या नर-मादी धबधब्यांमुळे. पण इथल्या देवाची गोष्टही तितकीच वेगळी आहे. मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव जवळच्या अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात.

खंडोबाच्या कुठल्याही यात्रेत थोडा वेळ थांबलं की एक चित्र दिसतं. एरवी 'हाड हाड' करून ज्याला हाकलतात ते कुत्रं इथे भंडाऱ्यात माखून निवांत पडलेलं असतं. येणारा-जाणारा त्याला भाकरीचा तुकडा टाकतो, कुणी हातही जोडतो. त्याच गर्दीत एखादं पोर हात पसरून उभं असतं. त्याला मात्र 'चल, पुढं हो' एवढंच ऐकायला मिळतं.

हेच चित्र शहरात वेगळ्या कपड्यांत दिसतं. सोसायटीतल्या कुत्र्यासाठी रोज चिकन-भात शिजवणाऱ्या काकू खाली खेळणाऱ्या पोरांवर मात्र खेकसतात. इन्स्टाग्रामवर कुत्र्याचा वाढदिवस साजरा करणारं जोडपं 'मूल नकोच' म्हणतं. मग कॉमेंटमध्ये ठरलेलं वाक्य येतं, 'माणसांच्या लेकरांना विचारत नाहीत आणि कुत्र्यांचे लाड करतात!'

हा टोमणा खरा आहे का? काही माणसांना खरंच मुलांपेक्षा कुत्री जास्त आवडतात का? आणि आवडत असतील, तर त्यांच्या मनात नेमकं काय चालू असतं?

आधी देवाकडे बघू

कुत्र्यावरची माया हे शहरी फॅड आहे, असं अनेकांना वाटतं. नळदुर्गचा खंडोबा हा समज खोडून काढतो.

खंडोबाच्या चित्रात घोडा असतो, म्हाळसा असते आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. देवाचे उपासक म्हणजे वाघ्या आणि मुरळी. गंमत म्हणजे 'वाघ्या' या शब्दाचा संबंध वाघाशी जोडला जातो, पण गावोगाव हे नाव ठेवलं जातं कुत्र्याचं. काही विधींमध्ये वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री समजतात. कुत्र्यासारखं भुंकतात आणि कोटंब्यात वाढलेलं अन्न हात न लावता तोंडाने खातात. कोटंबा म्हणजे त्यांच्याजवळ असणारं भिक्षेचं भांडं. देवापुढे माणसाने कुत्रं व्हावं, यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मालकाशी इमान राखणारा म्हणून कुत्रा हाच भक्ताचा आदर्श ठरतो.

याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. मूल होत नसलं की खंडोबाला नवस बोलायचा आणि झालेलं मूल देवाला वाहायचं, अशी प्रथा होती. मुलगा वाहिला तर तो वाघ्या आणि मुलगी वाहिली तर ती मुरळी. मुलींना असं देवाला सोडण्यावर आज कायद्याने बंदी आहे. पण एकाच देवळाच्या आवारात कुत्र्याला मान मिळत होता आणि लेकराला आयुष्यभराचं बंधन, ही गोष्ट विसरून चालणार नाही. कुत्र्याबद्दलची माया आणि मुलाबद्दलची बेपर्वाई शेजारी शेजारी राहू शकतात. त्या एकमेकींतून जन्मतातच असं मात्र नाही.

खंडोबा एकटा नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मराठी घरात लहानपणीच ऐकायला मिळते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगितलं जातं.

आणि १८३२ साली मुंबईत तर कुत्र्यांवरून दंगल झाली होती. भटकी कुत्री मारून आणणाऱ्याला इंग्रज सरकार पैसे द्यायचं. बक्षिसाच्या लोभाने घराजवळची कुत्रीही मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र मानला जातो. इतिहासात ही घटना 'बॉम्बे डॉग रायट्स' म्हणून ओळखली जाते.

तेव्हा कुत्र्यासाठी जीव टाकणारी माणसं काही इन्स्टाग्रामने जन्माला घातलेली नाहीत.

मोठे डोळे, गोल चेहरा: बाळाचं कुलूप, कुत्र्याची किल्ली

१९४३ मध्ये ऑस्ट्रियाचे प्राणीवर्तन अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी एक कल्पना मांडली. डोकं शरीराच्या मानाने मोठं, कपाळ रुंद, डोळे मोठे, नाक छोटं, गाल फुगलेले, चाल लडबडती. असं रूप दिसलं की मोठ्या माणसाच्या मनात आपोआप माया दाटून येते. हे रूप अर्थातच बाळाचं आहे. माणसाचं बाळ कित्येक वर्षं परावलंबी असतं. त्याला बघून मोठ्यांना पाझर फुटला नसता, तर ते जगलंच नसतं.

पण हे कुलूप फार चोखंदळ नाही. बाळासारखं दिसणारं काहीही समोर आलं की ते उघडतं. कुत्र्याचं पिल्लू त्यात अगदी चपखल बसतं.

अमेरिकेतले अभ्यासक क्लाइव्ह विन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लोकांना वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांचे फोटो दाखवले. पिल्लं सर्वांत गोंडस वाटली ती साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात. नेमकी हीच वेळ असते जेव्हा आई पिल्लांना दूध तोडते आणि ती उघड्यावर पडतात. म्हणजे ज्या क्षणी पिल्लाला माणसाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी ते माणसाला सर्वांत जास्त आवडतं.

२०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. कुत्र्याच्या भुवईच्या आतल्या टोकाला एक स्नायू असतो. त्याच्या जोरावर कुत्रं भुवई वर उचलतं, डोळे मोठे दिसतात आणि चेहरा केविलवाणा होतो. लांडग्यांमध्ये हा स्नायू असा विकसित झालेला नाही. हजारो वर्षं माणसाजवळ राहताना ज्या कुत्र्यांना असा चेहरा करता आला, त्यांना भाकरीचा तुकडा जास्त मिळाला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता यातला फरक बघा. मूल वाढतं. पाचव्या वर्षी उलट उत्तरं देतं, दहाव्या वर्षी मोबाइल मागतं आणि पंधराव्या वर्षी खोलीचं दार लावून घेतं. कुत्रं मात्र म्हातारं झालं तरी त्याच डोळ्यांनी बघतं. वागण्याने ते कायम दोन-तीन वर्षांचं लेकरूच राहतं.

नजरेला नजर, आणि मेंदूतली गडबड

आई बाळाला जवळ घेते, त्याच्या डोळ्यांत बघते, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. आपुलकी घट्ट करणारं रसायन म्हणून ते ओळखलं जातं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की, कुत्रं आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले तर दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढतं. माणसाळलेल्या लांडग्यांसोबत असं घडलं नाही.

त्याआधी १९९८ मध्ये हंगेरीच्या संशोधकांनी कुत्र्यांवर एक चाचणी करून पाहिली. लहान मुलाची आईशी असलेली ओढ मोजण्यासाठी मानसशास्त्रात ती वापरली जाते. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. कुत्र्यांनी मालकाच्या बाबतीत बरंचसं मुलासारखंच केलं. मालक गेला की अस्वस्थ, आला की धावत जवळ.

मग मेंदूला कुत्रं आणि मूल सारखंच वाटतं का? २०१४ मध्ये अमेरिकेत १४ महिलांच्या मेंदूचं स्कॅन करण्यात आलं. प्रत्येकीला एक लहान मूल होतं आणि घरात कुत्राही होता. स्वतःच्या मुलाचा आणि स्वतःच्या कुत्र्याचा फोटो बघताना भावना आणि आनंदाशी संबंधित अनेक भाग सारखेच जागे झाले. पण नातं जोडण्याशी संबंधित असलेला मेंदूच्या आतला एक भाग फक्त स्वतःच्या मुलाचा फोटो बघताना सक्रिय झाला.

अभ्यास छोटा आहे, त्यावरून फार मोठं अनुमान काढू नये. पण दिशा कळते. कुत्रं मुलाच्या जागेच्या अगदी जवळ जाऊन बसतं, तरी ती जागा पूर्णपणे घेत नाही.

मारहाणीच्या बातमीचा प्रयोग

'लोकांना माणसापेक्षा कुत्र्याचा जास्त कळवळा येतो' हे वाक्य अनेकदा एका अभ्यासाच्या नावाने फिरवलं जातं. तो अभ्यास नेमकं काय सांगतो ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात २५६ विद्यार्थ्यांना एक बनावट बातमी वाचायला दिली. कुणीतरी बॅटने अमानुष मारहाण केली आणि बळी जखमी अवस्थेत सापडला. बातमी तीच, फक्त बळी वेगळा. कुणाच्या बातमीत एक वर्षाचं बाळ, कुणाच्या बातमीत तिशीतला माणूस, कुणाच्या बातमीत पिल्लू, तर कुणाच्या बातमीत सहा वर्षांचं कुत्रं. मग प्रत्येकाला किती वाईट वाटलं ते मोजलं. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाळ, पिल्लू आणि मोठं कुत्रं या तिघांबद्दलही मोठ्या माणसापेक्षा जास्त कळवळा दिसला. बाळ आणि पिल्लू यांच्यात विशेष फरक नव्हता. मोठं कुत्रं मात्र बाळाच्या मागे राहिलं.

म्हणजे या प्रयोगात हरलं ते मूल नव्हे, मोठा माणूस हरला. लोक 'माणूस की प्राणी' असा हिशेब करत नाहीत. 'याला स्वतःला सांभाळता येतं की नाही' असा हिशेब करतात. तिशीतला माणूस पळू शकतो, पोलिसांत जाऊ शकतो, कदाचित त्याचीही काही चूक असेल असं मनात येतं. बाळ आणि कुत्रं दोघंही निरपराध आणि लाचार. मोठं झालेलं कुत्रंसुद्धा लोकांच्या मनात लेकरांच्याच रांगेत उभं असतं.

दुसऱ्या एका अभ्यासात ५७३ लोकांना विचारलं की सुटलेली बस येतेय, एका बाजूला तुमचा पाळीव प्राणी आणि दुसऱ्या बाजूला माणूस, कुणाला वाचवाल? समोरचा माणूस परदेशी पर्यटक असेल तर साधारण ४० टक्के लोकांनी आपला प्राणी निवडला. माणूस जवळचा नातेवाईक असेल तेव्हा हे प्रमाण एकदम खाली आलं. इथे माणूस विरुद्ध प्राणी यापेक्षा आपला विरुद्ध परका हा हिशेब जास्त चालला.

आणि लहान मुलांना काय वाटतं? २०२१ मधल्या एका अभ्यासात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं, एक माणूस वाचवाल की शंभर कुत्री? बहुतेक मोठ्यांनी माणूस निवडला, तर बहुतेक मुलांनी कुत्री. माणसाचा जीव प्राण्याच्या जिवापेक्षा फार मोठा, ही समजूत आपण बरीचशी वाढताना शिकतो, असं यातून दिसतं.

मुलावरच्या मायेला हिशेब असतो

शरीरशास्त्र झालं. आता घरात डोकावू.

मुलावर माया करायची म्हणजे त्याच्या भविष्याची काळजी आली. शाळेची फी, मार्क, क्लास, शेजारच्याच्या मुलाशी तुलना, नोकरी, लग्न. माया असते, पण तिच्यासोबत चिंता आणि अपेक्षा दोन्ही येतात. मुलालाही ते कळतं. कुत्र्याकडून कुणाला डॉक्टर व्हायची अपेक्षा नसते. त्याने दार उघडल्यावर शेपूट हलवली की त्याची परीक्षा पास.

कुत्रंही उलट हिशेब मागत नाही. पगार किती, रंग कसा, जात कोणती, लग्न का मोडलं, हे ते विचारत नाही. माणसांकडून दुखावलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला हे फार मोठं वाटतं. 'कुत्रं माणसापेक्षा बरं' हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखादं ठरावीक माणूस असतं.

दुसरं कारण रिकाम्या घरांचं. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. मराठवाड्यातल्या अशा अनेक गावांतली तरुण मुलं शिकायला आणि नोकरीला पुणे, सोलापूर, हैदराबादला जातात. मागे राहतात आई-वडील. ज्या हातांना वीस वर्षं कुणाला तरी जेवू घालायची सवय लागली, ते हात रिकामे होतात. मग पायरीशी येणाऱ्या कुत्र्यासाठी एक भाकरी जास्त थापली जाते. नातवंडं व्हिडिओ कॉलवर दिसतात. कुत्रं पायाशी येऊन बसतं.

तिसरं कारण आकड्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातला एकूण जननदर १.७ निघाला, म्हणजे एका बाईला सरासरी दोनपेक्षाही कमी मुलं. घरात मुलं कमी, भावंडं कमी, चुलत-मावस कमी. माया करण्याची माणसाची भूक मात्र तेवढीच. हे जगभर घडतंय. २०२२ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी मुलांऐवजी कुत्री-मांजरं पाळणाऱ्या जोडप्यांना स्वार्थी म्हटलं, तेव्हा जगभरातून त्यांच्यावर टीका झाली होती.

या टीकेत एक मुद्दा महत्त्वाचा होता. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक जोडप्याने 'मूल नको' असं ठरवलेलं नसतं. काहींना मूल होत नसतं, काहींचं गेलेलं असतं. आपल्याकडे अशा बाईला बारशाला बोलवावं की नाही, याची चर्चा तिच्या माघारी होते. तिच्या कुत्र्याच्या फोटोखाली 'स्वतःचं मूल कधी?' लिहिण्याआधी एवढं ध्यानात घ्यायला हवं.

तुलनाच फसवी आहे

टोमणा मारताना एक चूक हमखास होते. आपण त्या काकूंच्या स्वतःच्या कुत्र्याची तुलना दुसऱ्याच्या पोराशी करतो. त्यांच्या स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी काय केलं, हे आपल्याला दिसत नाही. मुलाला जेवू घालणं ही बातमी होत नाही, त्याचा कुणी व्हिडिओ टाकत नाही. भटक्या कुत्र्याला जेवू घातलं की मात्र ते डोळ्यांत भरतं.

दुसऱ्याच्या मुलाबद्दल मनात पक्कं असतं, 'त्याला आई-बाप आहेत.' भीक मागणाऱ्या पोराबद्दल तर संशयही असतो. पैसे कुणाकडे जाणार, सवय लागेल का, मागे टोळी आहे का. कुत्र्याला भाकरी टाकली की ती कुत्र्याच्याच पोटात जाते. प्रश्न तिथेच सुटतो आणि मनाला समाधान मिळतं. पोराचा प्रश्न एका भाकरीने सुटत नाही. त्याला शाळा हवी, घर हवं, आई-बापाला काम हवं. एवढं ओझं समोर दिसलं की माणूस नजर फिरवतो.

ब्रिटनमधल्या एका संस्थेने २०१५ मध्ये हे करून पाहिलं. एका गंभीर आजारावरच्या संशोधनासाठी मदत मागणाऱ्या दोन ऑनलाइन जाहिराती दिल्या. मजकूर तोच, एकीत आजारी मुलाचा फोटो आणि दुसरीत कुत्र्याचा. कुत्र्याच्या जाहिरातीला सुमारे दुप्पट क्लिक मिळाले. क्लिक करणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना सोपी माया सोपी वाटली, एवढंच.

नळदुर्गच्या यात्रेतलं ते पोर आणि ते कुत्रं यांच्यातला फरक बराचसा हाच आहे.

पण एका ठिकाणी प्रश्न खरा आहे

इथपर्यंतचा सगळा वाद भावनेचा होता. एका ठिकाणी मात्र तो जिवाचा होतो. ते ठिकाण म्हणजे रस्ता.

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. त्यातल्या सर्वाधिक महाराष्ट्रातल्या होत्या, पावणेपाच लाखांच्या वर. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळे होतो आणि पाच ते चौदा वयाची मुलं त्याला नेहमी बळी पडतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर आणि मानेवर बसतो. ती घाबरून पळतात आणि कुत्रं मागे लागतं.

चावा कुणाला बसतो, यातही गणित आहे. गाडीतून शाळेत जाणाऱ्या मुलाला तो क्वचित बसतो. शाळेत चालत जाणारं मूल, रस्त्याकडेला झोपणारं मूल, ऊसतोडीच्या फडावर कोपीबाहेर खेळणारं मूल, यांना धोका जास्त. भूतदया करणारा एक आणि तिची किंमत मोजणारं लेकरू दुसऱ्याचं, असं जेव्हा होतं, तेव्हा 'कुत्र्यांवर माया आणि लेकरांवर नाही' हा आरोप टोमणा राहत नाही.

२०२५ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्लीत मुलांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या बातमीची दखल घेत न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात सोडायची, पिसाळलेली किंवा हल्लेखोर कुत्री सोडायची नाहीत आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं.

या काळात सोशल मीडियावर दोन टोळ्या पडल्या. एकीला सगळी कुत्री नाहीशी व्हायला हवी होती आणि दुसरीला चावलेल्या मुलांबद्दल बोलणंही नको होतं. पण कुत्रं आणि मूल यांत एकालाच वाचवता येतं, हे गृहीतकच चुकीचं आहे. त्याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे.

गोव्यात सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने घरोघर, गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली. शाळांमध्ये जाऊन मुलांना कुत्र्याजवळ कसं वागायचं आणि चावल्यावर काय करायचं हे शिकवलं. संशयित कुत्र्याची माहिती देण्यासाठी यंत्रणा उभी केली. २०१८ नंतर सलग काही वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालेलं पहिलं राज्य ठरलं. तिथे कुत्र्याला टोचलेली प्रत्येक सुई लेकरासाठीच होती.

उलट नुसतं मारून काय होतं, हे मुंबईने अनुभवलंय. १८३२ पासून दीडशेहून अधिक वर्षं कुत्री मारली गेली, तरी ती संपली नाहीत. एका गल्लीतली कुत्री गेली की उकिरड्यावरच्या खाण्यासाठी दुसरी येतात. म्हणूनच २००१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये केंद्राने नसबंदी आणि लसीकरणाचे नियम केले. नियम कागदावर आहेत. अनेक नगरपालिकांकडे शस्त्रक्रियेसाठी जागा नाही, डॉक्टर नाहीत आणि पैसे नाहीत. खरा राग काढायचा तर तो तिथे काढायला हवा.

कुत्रा चावला तर हे कराच

- जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. रेबीजचे विषाणू यानेच मोठ्या प्रमाणात कमी होतात.
- हळद, चुना, मिरची, तेल, यातलं काहीही लावू नका.
- त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करा. खोल जखमेला लसीसोबत वेगळं इंजेक्शन जखमेतही द्यावं लागतं.
- 'ओरखडाच आहे', 'पिल्लूच आहे', 'ओळखीचंच कुत्रं आहे' म्हणून टाळू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं.
- ज्या कुत्र्याला तुम्ही रोज खायला घालता, त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या.

आणि आणखी एक गोष्ट. बरीच मुलं कुत्रं चावल्याचं घरी सांगत नाहीत. 'तू कशाला गेलास तिथं?' म्हणून बोलणी बसतील, मार पडेल, अशी भीती असते. चार दिवस जखम शर्टाच्या बाहीखाली लपवली जाते आणि तेच चार दिवस जीव घेतात.

मग उत्तर काय?

काही माणसांना मुलांपेक्षा कुत्री जास्त आवडतात असं दिसतं, कारण कुत्रं कायमचं लेकरू असतं. ते हिशेब मागत नाही आणि त्याची गरज एका भाकरीत भागते. ही माया खोटी नाही. ती मुलांवरच्या मायेतूनच आलेली आहे, तीच नजर आणि तेच संप्रेरक तिच्या मागे आहे. एकावर केलेली माया दुसऱ्याच्या वाट्यातून कमी होते, असंही नाही.

फक्त कुत्र्याला जे सहज मिळतं, ते मुलाला मिळतं का, हे घराघरात तपासून बघण्यासारखं आहे. घरी आल्यावर आपण कुत्र्याला आधी कुरवाळतो. मुलाला आधी विचारतो, 'अभ्यास झाला का?' कुत्र्याने चप्पल चावली तर हसतो, मुलाने ग्लास फोडला तर ओरडतो. चुकल्यावरही जवळ घेतलं जाईल, याची खात्री कुत्र्याला असते. बाहीखाली जखम लपवणाऱ्या पोराला ती नसते.

यात्रा संपली की देव पुन्हा अणदूरला जातो. मैलारपूरच्या पायऱ्यांवरचं कुत्रं मात्र तिथेच राहतं आणि हात पसरणारं पोर पुढच्या यात्रेला जातं. पुढच्या वेळी कुत्र्याला भाकरी टाकायला हात खिशाकडे गेला, तर शेजारच्या पोराला निदान नाव विचारायला हरकत नाही.